बिडकीनवालीची माफी

आपलीच मोरी अन् मुतायची चोरी, ही म्हण माझी सासू उठता-बसता म्हणायची. नवी नवरी होते तेव्हा मला त्या म्हणीची लाज वाटायची. पुढं वाळूजला कंपनीत लागले आणि वाटलं, ही म्हण रचणारी बाई आमच्याच लाईनीवर उभी असणार.

आमच्या कंपनीत गाड्यांच्या आतल्या वायरी बांधायचं काम चालायचं. उभा फळा असतो, त्याच्यावर खुणा केलेल्या असतात, आणि तो फळा संथ पुढं सरकत असतो. आपल्या वाट्याची वायर खुणेवर बसवायची, क्लिप मारायची, टेप गुंडाळायची, तोवर पुढचा फळा समोर हजर. दिवसभर उभ्यानं. हे काम बायांनाच देत, कारण म्हणे बायांची बोटं नाजूक. लाईनीच्या तोंडाशी सुपरवायझरचं टेबल होतं आणि टेबलाच्या बाजूला खिळ्याला लाल प्लास्टिकची एक चकती टांगलेली असायची. तिला म्हणायचं टोकन. जिला बाथरूमला जायचंय तिनं टोकन काढून गळ्यात अडकवायचं, जाऊन यायचं आणि परत खिळ्याला लावायचं. खिळा रिकामा असेल तर दुसरीनं जागा सोडायची नाही. अख्ख्या लाईनीला एकच टोकन. पुरुषांच्या प्रेस विभागात असलं काही नव्हतं. ते खुशाल तंबाखू मळत बाहेर उभे राहायचे, आणि त्यांच्या गळ्यात कुणी काही अडकवत नव्हतं.

लाईनीवर सगळ्यात जुनी आपा. तिच्या माहेरी मागावर हिमरूच्या शाली विणायचे, त्यामुळं धाग्याला हात लावला की तिची बोटं आपोआप चालत, मग तो धागा तांब्याचा का असेना. बुरखा लॉकरमध्ये, अंगात कंपनीचा निळा एप्रन आणि जिभेला धार. मराठी आमच्यापेक्षा चोख बोलायची. चिडली की मात्र दखनी उर्दूत शिरायची, मग सुपरवायझरसुद्धा बाजूला सरकायचा. आपाच्या पलीकडं मी, आणि माझ्या पलीकडं बिडकीनवाली.

बिडकीनहून यायची म्हणून बिडकीनवाली. गरीब गाय. चहाच्या रांगेत कुणी तिच्या पायावर पाय दिला तर सॉरी हीच म्हणायची. फळ्याला धक्का लागला तर फळ्यालाही सॉरी. आम्ही तिची लई चेष्टा करायचो. आपा म्हणायची, हिच्या नवऱ्यानं हिला लग्नात हार घातला तेव्हापण ही सॉरी म्हणली असणार. ती हसायची आणि टेप गुंडाळत राहायची. तिच्या हातची टेप अशी बसायची की कुठं सुरू झाली आणि कुठं संपली ते कळायचं नाही.

त्या वर्षी तिला दिवस होते, आठवा लागला होता. नवऱ्याचं काम सुटलेलं, घरात पगार आणणारी ती एकटीच. एका सकाळी टोकन कुणा दुसरीच्या गळ्यात होतं आणि ती दुसरी काही केल्या परत येईना. बिडकीनवालीनं हात वर केला. सुपरवायझर नुकता डिप्लोमा झालेला, मिसरूड फुटलेला. त्यानं रिकाम्या खिळ्याकडं बोट दाखवलं. तिनं जरा वेळ कळ काढली, परत हात वर केला. परत खिळा. मग तिनं हातातली वायर फळ्यावर नीट ठेवली आणि एक हात पोटाखाली धरून सरळ चालायला लागली. फळा तिच्या जागेवरून रिकामा पुढं गेला आणि लाईन थांबवावी लागली. ती परत आली तर हा सुपरवायझर कमरेवर हात ठेवून उभा. म्हणे, सगळ्यांसमोर माफी माग.

आम्हाला वाटलं, झालं, आता ही सॉरी म्हणणार आणि विषय मिटणार. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग खिळ्याकडं बघितलं आणि म्हणली, "कशापायी?"

एवढंच. आवाज पण चढवला नाही. माझ्या हातातली टेप हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला गेटवरनंच परत पाठवलं. चौकशी होईल, तोवर घरी बसा. चौकशी म्हणजे काय असते ते आम्हाला ठाऊक होतं. ज्याची चौकशी लागली तो परत लाईनीवर उभा राहिलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता. बाळंतपण तोंडावर. आत्ता काढलं म्हणजे रजा गेली, रजेचा पगार गेला, इतक्या वर्षांची नोकरी पाण्यात. लेकरू घेऊन पुन्हा दारोदार काम शोधायचं. आणि हे सगळं एका लघवीपायी. आज इतक्या वर्षांनीही सांगताना माझं डोकं फिरतं.

युनियन होती की. वर्गणी आमच्याही पगारातून कापली जायची. पण कमिटी सगळी पुरुषांची. अध्यक्ष प्रेस विभागातला, आम्ही त्याला दादा म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण बायांचं काही निघालं की त्याला एकदम घाई व्हायची. आपा आणि मी जाऊन उभ्या राहिलो तर म्हणला, हा लेडीजचा प्रश्न आहे, पुढच्या कराराच्या वेळेला मांडू. करार पुढच्या साली होता. तोवर तिचं लेकरू रांगायला लागलं असतं. आपानं विचारलं, कमिटीत आमच्यातली एक का घेत नाही? तर म्हणे, मीटिंग बजाजनगरला माझ्या खोलीवर होते, रात्रीची, त्याला लेडीजनं कसं यायचं, लोकं काय म्हणतील. आम्ही काही हटेना तेव्हा त्यानं डोकं खाजवून एक तोडगा काढला. तुम्ही सगळ्या लेडीज उद्यापासून कॅन्टीनच्या जेवणावर बहिष्कार टाका. आमचा जाहीर पाठिंबा.

आम्हाला पटलं. लाईनीवर कुजबूज झाली, एकजात सगळ्या तयार. दुसऱ्या दिवशी जेवणाची घंटा झाली तशा आम्ही कॅन्टीनमध्ये गेलो, बाकांवर बसलो आणि ताटाला हात न लावता हाताची घडी घालून राहिलो. छाती फुगली होती माझी. असं वाटत होतं की आता वरच्या मजल्यावरून साहेब पळत येणार.

साहेब आलेच. पर्सनल विभागाचे साहेब, गोरेगोमटे, अत्तर लावणारे. हसत हसत आले, दोन्ही हात जोडले आणि म्हणले, जय माता दी, रमजान मुबारक. त्यांच्या मागून कॅन्टीनवाला केळ्यांचा हारा डोक्यावर घेऊन.

त्या वर्षी नवरात्र आणि रमजान एकत्र आले होते. त्या दिवशी दुसरी माळ. आमच्यातल्या निम्म्याजणी घटाला बसलेल्या, नऊ दिवस धान्य तोंडात घ्यायचं नाही. आपा आणि तिच्या समाजाच्या सगळ्या रोज्यावर. कॅन्टीनच्या ताटाला तशीही कुणी शिवणार नव्हतं. उपाशी बायांनी जेवणावर बहिष्कार टाकला होता. हे ना दादाच्या डोक्यात आलं, ना आपाच्या, ना माझ्या. आणि कहर म्हणजे साहेबांनी माझ्या हातात केळं ठेवलं तर मी ते घेतलं. थँक्यू पण म्हणलं. दुसऱ्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये साबुदाण्याची खिचडी सुरू झाली, आणि दादा म्हणतो कसा, बघा, आंदोलनाचा परिणाम व्हायला लागला.

मी घरी आले ती अशी धुमसत. बेगमपुऱ्यात आमचं छोटं घर, वरची खोली भाड्यानं दिलेली. विद्यापीठ जवळ, त्यामुळं भाडेकरू कायम बाहेरदेशचे. तेव्हा खोलीत यमनचं एक जोडपं राहायचं. नवरा औषधांचं शिकत होता. आणि बायको, अदन शहरातली, ती पीएच.डी. करत होती. विषय ऐकून मी पहिल्यांदा हसलेच होते: अरब मुलखांतल्या कामगार बाया आणि त्यांच्या युनियनी. मला वाटायचं, तिकडच्या बाया काळ्या बुरख्यात घरात बसून असतात, त्यांना कसली आली युनियन. ती मला खाला म्हणायची, त्यांच्यात आणि आपाच्या घरातही मावशीला हाच शब्द. हिंदी टीव्हीवरून शिकलेली, त्यात भाजीवाल्यांकडून उचललेलं मराठी. एकदा माझ्यासोबत मिलकॉर्नरपर्यंत आली, जिथं आमची कंपनीची बस यायची, आणि विचारत बसली की मिल कुठं आहे. मी म्हणलं, बाई, मिल कधीच गेली, कॉर्नर राहिला. तिला ते इतकं लागलं की तिथंच वही काढून लिहून घेतलं. तिची आई अदनच्या कापडगिरणीत मागावर होती, आणि ती गिरणीही तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती.

त्या संध्याकाळी पायरीवर बसून मी तिला बहिष्काराची कथा सांगितली. टोकनचं, बिडकीनवालीचं तिला आधीच माहीत होतं. केळ्याच्या जागी आले तर ही पोरगी हसायला लागली. अशी हसली की ओढणी तोंडात कोंबली तरी थांबेना. मला आला राग. म्हणलं, शिकलेल्या माणसाला आमची फजिती म्हणजे तमाशाच असतो, जा वर, रोजा सोडायची वेळ झाली तुझी. ती उठली, गेली, आणि थोड्या वेळानं एका ताटात खजूर अन् तळलेले समोसे घेऊन खाली आली. माझ्या उपासाला खजूर चालतो हे तिनं आधीच विचारून ठेवलेलं होतं. मग माझ्याजवळ बसून तिनं तिच्या आईची गोष्ट सांगितली.

गिरणीत मागावर सगळ्या बायाच, आणि गिरणीच्या आवारात त्यांच्या लेकरांसाठी पाळणाघर. एके दिवशी मॅनेजरनं पाळणाघराला कुलूप लावलं. युनियनची पुरुष मंडळी म्हणली, थांबा, वरती बोलणं चालू आहे. तिकडंही असंच, ती सांगत होती. तिच्याकडं, इजिप्तमध्ये, ट्युनिशियात, कुठंही जा, गिरण्या बायांच्या हातावर चालतात, संप निघाला की बाया पुढं असतात, आणि बोलण्याच्या टेबलावर बघावं तर एकही बाई नाही. तर तिच्या आईनं आणि बाकीच्यांनी काय करावं? काम बंद नाही केलं. दुसऱ्या दिवशी लेकरांना कडेवर घेऊन वेळेवर कामावर आल्या आणि लेकरं आपापल्या मागाशेजारी चादर टाकून बसवली. आता मागाजवळ लेकरू असलं तर माग चालू करायचा नाही, हा गिरणीचाच नियम, भिंतीवर रंगवलेला. मुकादमानं स्वतःच्या हातानं एकेक माग बंद केला. बाया म्हणत होत्या, आम्ही तर कामाला तयार आहोत. दोन प्रहरी पाळणाघराचं कुलूप निघालं. ती स्वतः त्या चादरीवर बसलेल्या लेकरांत होती. तिला एवढंच आठवतं की आवाज थांबला आणि ती घाबरून रडायला लागली, कारण मागाचा आवाज थांबलेला तिनं कधी ऐकलाच नव्हता.

"खाला," ती म्हणली, "ना खाना किसको दिखता है? उनका रूल उनके सामने रखो."

मी तिला म्हणलं, आमच्या कंपनीत लेकरं आणू देत नाहीत. ती म्हणली, तुमचा नियम तुम्हाला माहीत, मला काय माहीत. आणि समोसा खायला लागली. मला तेव्हा तिचा थोडा राग आला, आणि लई कौतुक वाटलं.

स्वयंपाक करताना माझ्या डोक्यात टपकन पडलं. सात. तेव्हाच्या कायद्यानं संध्याकाळी सातनंतर बाईमाणसाला कारखान्यात ठेवता यायचं नाही. ओव्हरटाईम असला तरी साहेब घड्याळ बघत आम्हाला बसमध्ये कोंबायचे, कारण सातनंतर एक बाई जरी आत सापडली तर तपासणीवाले कंपनीला धारेवर धरत. ह्याच सातच्या नावानं आम्हाला रात्रीच्या मीटिंगला नाही, कमिटीत नाही, बढतीत नाही. भाजी करपली माझी त्या विचारात, पण मी मनात म्हणलं, करपू दे.

सकाळी बसमध्ये आपाच्या कानात सांगितलं. आपा म्हणली, जिची चौकशी आहे तिला बोलवतील तो दिवस धरू. तिला गेटवर एकटं बसवायचं नाही.

सातव्या माळेला दुपारनंतर बिडकीनवालीला चौकशीला बोलावलं आणि गेटवरच बसवून ठेवलं होतं. तिला आम्ही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आमच्या नोकरीच्या भीतीनं ती आलीच नसती. साडेपाचचा भोंगा झाला. एरवी भोंगा झाला की एप्रन काढायची पळापळ. त्या दिवशी कुणी एप्रनला हात लावला नाही. आम्ही आपापल्या जागेवर, फळ्याच्या पायाशी, मांडी घालून जमिनीवर बसलो आणि पिशव्यांतले डबे काढून समोर मांडले. भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, भजी, फळं. अदनवालीनं घरून आलेल्या खजुरांची पिशवी माझ्याकडं दिली होती, ती मी आपाच्या पुढ्यात ठेवली. दिवसभर उभं राहिलेल्या बायांना त्या जागी बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. जमीन गार होती आणि पायांना इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पर्सनल साहेब आले, डबे बघितले आणि परत हात जोडले. त्यांना वाटलं, देवीचा काही कार्यक्रम आहे. म्हणले, आधी सांगितलं असतं तर हार-फुलं मागवली असती. तेव्हा आपा बसल्या जागेवरून म्हणली, "साहेब, बिडकीनवाली आत आल्याबिगर आम्ही जेवणार नाय अन् बाहेरबी जाणार नाय. आम्ही काय बंद पाडलं नाय, काय तोडलं नाय. नुसतं बसलोय."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. हसू हळूहळू कसं उतरतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्यांनी दादाला बोलावून घेतलं. दादा घामाघूम होऊन आला, मागं दुसऱ्या पाळीचे प्रेसवाले काय चाललंय ते बघायला दारात जमलेले. तो म्हणला, ताई, वरती आमचं बोलणं चालू आहे, तुम्ही मधेच असं करून सगळं बिघडवू नका. माझा तोंडाळपणा लाईनीवर प्रसिद्ध. मी म्हणलं, "दादा, तुमची मीटिंग रात्रीची असती, आम्हाला येता येत नाय म्हणता. म्हणून आम्ही दिवसाउजेडी लावली. या, बसा." दारातले प्रेसवाले हसले. दादानं मात्र पायातले बूट काढले आणि लाईनीच्या शेवटाला, सगळ्यांत मागं, येऊन मांडी घातली. इतके दिवस मी त्याला नाही नाही ते बोलले होते, पण तेवढ्या एका बसण्यासाठी त्याला सगळं माफ.

उन्हं कलली. लांबून वाळूज गावाकडनं अजान ऐकू आली. प्रेसवाल्यांतला एक फिटर न सांगता पाण्याची घागर आणि पेले घेऊन आत आला. आपानं आणि रोज्यावाल्या पोरींनी एकेक खजूर तोंडात घातला, घोटभर पाणी प्यायल्या आणि हात मांडीवर ठेवले. रोजा सुटला, पण डब्यांना कुणी शिवलं नाही. आम्हीही तशाच. भज्यांचा वास सुटलेला, पोटात कावळे ओरडत होते, एका पोरीचं तर पोट एवढं मोठ्यानं गुरगुरलं की सगळ्या लाईनीनं ऐकलं, आणि हसू दाबता दाबता आमची मुरकुंडी वळली. पण डब्याला हात नाही.

बाहेर बस उभ्या, ड्रायव्हर हॉर्न मारतायत. साहेब दोनदा वर जाऊन आले. सातला थोडा वेळ राहिलेला असताना ते आमच्यापुढं येऊन उभे राहिले आणि म्हणले, ठीक आहे, चौकशी मागं घेतो, उद्यापासून ती कामावर. पण शिस्तीचा प्रश्न आहे, तिनं इथं लाईनीसमोर माफी मागायची. माफी मागितली की विषय संपला.

आमच्यात चलबिचल झाली. काहीजणी म्हणल्या, म्हणून टाकू दे, एका शब्दानं काय होतं, तिची नोकरी महत्त्वाची. मलाही क्षणभर तसंच वाटलं. सॉरी म्हणायला तिला कितीसं लागतं, फळ्याला म्हणते ती. पण मग त्या सकाळचं तिचं तोंड आठवलं. आपा म्हणली, आपण ठरवणारे कोण? तिला आत बोलवा, ती ठरवील.

ती आली. जांभळी साडी, पदर पोटावरून घेतलेला, उन्हात बसून तोंड काळवंडलेलं. तिला गेटवर फक्त एवढंच सांगितलं होतं की आत जाऊन माफी माग. दारातून आत पाऊल टाकलं आणि ती थबकली. लाईनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या मैतरणी जमिनीवर बसलेल्या, पुढ्यात उघडे डबे, आणि एकाही डब्यातला घास कमी झालेला नाही. तिनं सगळं बघितलं. सुपरवायझर खिळ्यापाशी हाताची घडी घालून उभा होता. साहेब म्हणले, हं, बोला बाई, लवकर.

तिनं साहेबांकडं पाठ केली. सुपरवायझरकडं बघितलंसुद्धा नाही. आमच्याकडं तोंड करून हात जोडले.

"बायांनो," ती म्हणली, "दिसभराच्या उपाशी तुम्ही. माझ्यापायी घास अडला तुमचा. मला माफ करा."

मग ती फळ्याची कड धरून सावकाश खाली बसली, माझ्या शेजारी, तिच्या स्वतःच्या जागेवर, आणि मला म्हणली, "दे गं काहीतरी, मलाबी भूक लागलीय."

सुपरवायझर म्हणायला लागला की सर, ही माफी माझ्याकडं नाही मागितली. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि त्याला म्हणले, मागितली ना माफी? सगळ्यांनी ऐकली. संपलं. आणि आमच्याकडं वळून अजिजीनं म्हणले, आता उठा, डबे बसमध्ये खा. आपानं भगरीचा पहिला घास बिडकीनवालीच्या तोंडात घातला आणि म्हणली, "साहेब, वाढल्या ताटावरनं उठू नये." आम्ही जेवलो. निवांत जेवलो. दादाला पण एक लाडू पोचवला. सात वाजून गेले होते की नव्हते ते मी सांगू शकत नाही, कारण त्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ कुणी बघितलंच नाही असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं. आपाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती म्हणत होती, भजी तिखट झाल्यात.

मी घरी पोचले तर अदनवाली पायरीवर वाट बघत बसलेली. सगळं सांगितलं. माफीच्या जागी आले तेव्हा तिनं मला थांबवलं आणि परत सांगायला लावलं, हात कसे जोडले, पाठ कुणाकडं केली, सगळं. मग धावत वर गेली आणि तिच्या आईला फोन लावला. मी खाली भांडी घासत होते. वरून तिचं अरबी बोलणं ऐकू येत होतं, भरभर, मधेच हसणं. जरा वेळानं ती फोन घेऊन जिना उतरली आणि माझ्या कानाला लावला. समुद्राच्या पलीकडून एक म्हातारी बाई जीभ हलवून लांबलचक, कापऱ्या सुरात ओरडत होती, तिकडं लग्नात बाया आनंदानं काढतात तसा आवाज. मी साबणाच्या हातानं फोन धरून "व्हय, व्हय" म्हणत राहिले. त्या दोघींचं ऋण माझ्यावर आहे. पुढं ती शिकून परत गेली, तिच्या मुलखाची पार धूळधाण झाली. पण ईदला आजही तिचा फोन येतो आणि ती आधी बिडकीनवालीच्या लेकीचं विचारते.

दुसऱ्या दिवशी आठवी माळ. बिडकीनवाली वेळेवर आली, एप्रन घातला, पोटावर त्याची गाठ बसेना म्हणून मीच मागून बांधून दिली. लाईन सुरू झाली. सुपरवायझर टेबलाशी, लाल टोकन खिळ्यावर. चहाच्या आधी बिडकीनवालीनं हातातली वायर पुरी बसवली, टेप गुंडाळली, मला म्हणली जरा माझं बघ, आणि चालायला लागली. टोकन समोरच होतं, कुणीही घेतलेलं नव्हतं, नुसता हात लांब केला असता तर मिळालं असतं. ती त्याच्या बाजूनं निघून गेली. सुपरवायझरनं मान वर केली. आम्ही सगळ्यांनी हातातलं काम न थांबवता त्याच्याकडं बघितलं, आणि त्यानं मान खाली घातली.

ती परत आली आणि जागेवर उभी राहिली. मग आपा गेली. टोकन खिळ्यावरच. आपा आली तशी पलीकडची गेली, मग तिच्या पलीकडची, एकामागून एक, रांगेनं. माझी पाळी आली तशी मीही टेप खाली ठेवली आणि त्या खिळ्यासमोरून ताठ मानेनं चालत गेले. खरं सांगते, मला लागली नव्हती.